मागाचा आवाज वजा करून

पहिल्या शनिवारी तीन तास खपून कृत्तिकाच्या हातून एवढंच झालं, की तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डावरचा एक बारीक दिवा दर सेकंदाला लागायचा आणि विझायचा. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पंधराजण बसले होते, पंधरा बोर्डांवर पंधरा दिवे डोळे मिचकावत होते. एकमेकांकडे बघून हसावं असा तो क्षण होता. कृत्तिकाला जांभई आली.

"ताई, तुमचा कसा शिस्तीत लागतोय," शेजारचे कोगनोळे म्हणाले. दूध संघात गाडीवर होते ते. "माझा बघा, साखरपुड्याच्या माळेसारखा नुसता फडफडतोय."

"मॅडमनी दिलेला आकडा टाकलात का?"

"टाकला की. एखादं शून्य सांडलं असेल वाटेत."

त्यांच्या मुलाला आणि कृत्तिकाच्या मुलीला, रेवाला, एकाच प्रकारचं यंत्र होतं. खरं तर त्या खोलीतला प्रत्येकजण कुणाच्या तरी कानासाठी आला होता. रेवा जन्मतः बहिरी. सव्वा वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली, कानाच्या आत बावीस टोकांची एक बारीक तार बसली. कानामागे प्रोसेसर, त्याला जोडलेली एक चकती डोक्यावर लोहचुंबकाने चिकटते. माइक आवाज पकडतो, प्रोसेसर त्याचे बावीस पट्टे पाडतो, खर्जाचे इकडे, तीव्र तिकडे, आणि प्रत्येक पट्ट्याचा हिस्सा आतल्या एकेका टोकाला पोचवतो. रेवाचं ऐकणं म्हणजे एवढंच. बाकी सगळं मेंदूने शिकून घ्यायचं, आणि मेंदू ते लहानपणीच शिकतो. पुढे शिकत नाही असं नाही, पण फार रखडत.

दोन वर्षांपूर्वीपासून सरकारी योजनेतले हे प्रोसेसर नव्या चिपवर येऊ लागले होते. कंपनीने एकदा घडवून कायमची बंद केलेली ही चिप नव्हे. हिच्या आतली जोडणी घरी बसून पुन्हा पुन्हा बदलता यायची. ही जोडणी लिहून देणारी साधनं फोनमध्ये होतीच, पण योजनेची अट होती: जे सर्किट लेकराच्या कानावर चढवायचं, ते चढवणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. म्हणून सहा शनिवारांचा हा वर्ग.

"साधा प्रोसेसर, संगणकातला, हा हुशार कारकून असतो," मुल्ला मॅडम फळ्यापाशी उभ्या राहून सांगत होत्या. निलोफर मुल्ला, वय पस्तिशीचं, आवाज बसलेला. "एक कागद उचलतो, निपटतो, मग दुसरा. आपली ही नवी चिप, एफपीजीए, कारकून नाही. ही रिकामी इमारत आहे. हजारो खोल्या, कुठली खोली कुठल्या खोलीला जोडायची ते तुम्ही लिहायचं. इथे ओळी एकामागून एक चालत नाहीत, सगळ्या एकाच वेळी चालू असतात. मागावर ताण्याचे उभे धागे एकदम वर-खाली होतात ना, तसं. तुम्ही इथे काम सांगत नाही आहात. यंत्र बांधताय."

"आणि हे पिवळं पिवळं काय आलंय, मॅडम?" कोगनोळेंनी पडद्याकडे बोट केलं. "एकशे चाळीस सूचना दिसताहेत."

"पिवळ्याकडे सध्या बघू नका. लाल आलं तर थांबायचं. आणि एक नियम पाठ करा: आधी बोर्डावर, मग माझ्या डोळ्यांखालून, मग कानावर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कृत्तिकानेही डोलावली.

*

घरी यायचं म्हणजे आवाजात यायचं. खालच्या शेडमध्ये आठ माग, वरच्या दोन खोल्यांत ही माणसं. गावातले बहुतेक माग आता नव्या जातीचे, पण सासऱ्यांचे आठ जुनेच होते. धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायचा आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत फरशी पायाखाली थरथरायची. लग्न होऊन आली तेव्हा कृत्तिकाला महिनाभर डोकेदुखी होती. मग तिला आवाज ऐकू येईनासा झाला, सगळ्यांसारखा.

रेवाला मात्र तो ऐकू यायचा. आवाज म्हणजे काय ते नुकतंच कळू लागलेल्या त्या मेंदूवर आठ माग एकदम आदळायचे. माग सुरू झाले की दहा मिनिटांत ती चकती उपटून फेकायची. कधी पलंगाखाली, कधी ताकाच्या भांड्यात. प्रोसेसर आपली नोंद ठेवत होताच: दिवसाला सरासरी चार तास वापर. दोन महिन्यांनी रेवा तीन वर्षांची होणार होती, तेव्हा मूल्यमापन. आठ तासांच्या खाली वापर असेल तर थेरपी आणि यंत्राची देखभाल यादीतल्या पुढच्या मुलाकडे जायची. कृत्तिकाच्या वहीत रेवाचे शब्द तारखेसह लिहिलेले होते. एकतीस. त्या वयाच्या ऐकणाऱ्या पोरांचे कुणी मोजतही नाही.

"आपण भाड्याने राहू कुठेतरी," विनायक, तिचा नवरा, दर पंधरा दिवसांनी म्हणायचा. तो कागलच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि हे वाक्य बूट काढता काढता म्हणायचा.

"आणि मामांचं जेवणखाण कोण बघणार?" ती विचारायची. सासऱ्यांना ती मामा म्हणे. सासू जाऊन चार वर्षं झाली होती.

मामांनी एकदा स्वतःच विषय काढला होता. "बंद करू का गं माग?" पाठमोरे उभे राहून, हातातल्या धाग्याला गाठ मारता मारता. ती "छे, कशाला" म्हणाली होती. म्हणताना तिला वाटत होतं, यांनी आणखी एकदा विचारावं. त्यांनी विचारलं नाही. आता तिला वर्गातून हेच हवं होतं: कुणालाच काही मागायला न लागता मागाचा आवाज वजा व्हावा.

*

ती बी.सी.एस. झालेली होती, लग्नाआधी वर्षभर कोल्हापुरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. बाकीचे चाचपडत असताना तिला चौथ्या शनिवारीच सुचलं. मागाच्या आवाजाला चाल असते, सेकंदाला अडीच ठोके, थोडा पुढेमागे. माणसाच्या बोलण्याला अशी ठोक्याची चाल नसते. मग प्रत्येक पट्ट्यावर एक पहारेकरी बसवायचा: या चालीचा आवाज आला, तर हा पट्टा बंद.

चार रात्री जागून नव्हे, पण रेवाच्या दुपारच्या झोपेत तुकड्या तुकड्याने तिने ते लिहिलं. बोर्डावर चालवलं. मागाचा आवाज फोनवर टिपून ऐकवला, पट्टा बंद झाल्याचं दाखवत दिवा विझला. लाल काही आलं नाही. पिवळं आलं, दोनशेच्या वर. तिने ते अंगठ्याने सरकवून दिलं. पाचव्या शनिवारी ते अर्धवटच होतं. आता मॅडम पुढच्या शनिवारी भेटणार, आज सोमवार होता. रेवाने सकाळपासून तीनदा चकती फेकली होती आणि तिसऱ्यांदा कृत्तिकाने तिच्या हातावर चापट मारली होती. जोरात नाही. पण मारली होती.

तिने सर्किट प्रोसेसरवर चढवलं.

त्या दिवशी रेवाने चकती काढली नाही. मंगळवारीही नाही. शेडमधून आठ माग गर्जत होते आणि पोर वरच्या खोलीत सुताच्या रिकाम्या कांड्यांचा मनोरा रचत बसली होती. नोंद आली: अकरा तास दहा मिनिटं. थेरपिस्ट बाईंचा निरोप आला, 'खूप छान, असंच चालू ठेवा.' मामांनी जिलबी आणली. विनायक रात्री जेवताना रेवाला मांडीवर घेऊन कारखान्यातल्या गमती सांगू लागला, फोरमनचा आवाज काढून दाखवू लागला, आणि ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत हसत होती.

"शहाणी झाली आमची बाय," तो म्हणाला. "आणि तूही जरा झोप आता. डोळे बघ कसे झालेत."

कृत्तिका झोपली. पावणेतीन वर्षांत पहिल्यांदा ती सात तास सलग झोपली.

*

पण तिला सवय होती बघत राहायची. वहीचं पान सोमवारनंतर कोरं होतं. नवा शब्द नाही, ठीक आहे, आठवडाभर नसतो कधी कधी. पण बुधवारी रेवा 'नको' म्हणाली नाही, नुसती मान हलवली. गुरुवारी 'पाणी' म्हणाली नाही, माठाकडे बोट केलं.

शुक्रवारी दुपारी मामांनी जेवायला माग थांबवले. घर एकदम रिकामं झालं. रेवा पाठमोरी बसून कांड्या लावत होती, कानामागचा दिवा हिरवा. कृत्तिकाने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग ताट उचलून तिने ओट्यावरच टाकलं, फरशी हादरू नये म्हणून. ताट कडेवर फिरत खणखणत राहिलं. खाली मामा दचकून "काय पडलं गं?" म्हणाले.

रेवा कांड्या लावत होती.

कृत्तिकाने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. रेवा वळली आणि तिने बघितलं ते आईच्या तोंडाकडे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

प्रोसेसर काढून कृत्तिकाने तो बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा लावला. चकती दोनदा घसरली. "रेवा," ती हळू म्हणाली.

"आई," रेवा लगेच म्हणाली. तिचा चेहरा असा झाला, जणू आई इतके दिवस गावाला गेली होती आणि आत्ता दारात आली.

दीड वाजता माग सुरू झाले. अडीच वाजता ती पुन्हा बहिरी होती.

*

"मामा, थोडं थांबवता का?"

शेडमध्ये खुणांनीच बोलायचं असतं. मामांनी एक माग थांबवला, बाकीचे चालू राहिले, आणि ते तिच्यासोबत बाहेर पायरीवर येऊन बसले. तिने सांगितलं. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"तू त्यात लिवलंयस काय, ते सांग मला," मामा म्हणाले. "मराठीत सांग."

"मागाच्या चालीचा आवाज आला, तर तो पट्टा बंद."

"बरं. आणि आवाज गेला तर?"

"गेला तर काय, आपोआप उघडेल ना. बंद करायचं कारणच उरलं नाही."

मामांनी मागे वळून पाहिलं. शेडच्या दारातून थांबलेला माग दिसत होता. "बाण्याचा आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबतोय," ते म्हणाले. "तेवढी अक्कल त्याला दिलेली हाय. पण धागा जोडला म्हणून तो आपला आपण सुरू झालेला मी चाळीस वर्षांत बघितला न्हाई. दांडा हातानं ओढावा लागतोय. थांब म्हणायला तू माणूस ठेवलास. चल म्हणायला कोण ठेवलायस?"

ती उठली आणि वर जाऊन तिने मॅडमना फोन लावला.

"लॅच," मुल्ला मॅडम दोन वाक्यं ऐकूनच म्हणाल्या. "एल्स, म्हणजे 'नाहीतर काय', ते लिहिलं नाहीस."

"पण मॅडम, प्रोग्रामात एल्स नसलं तरी..."

"प्रोग्राम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. हे यंत्र आहे. नाहीतर काय करायचं हे तू सांगितलं नाहीस, तर ते मागचीच स्थिती धरून बसतं, त्यालाच लॅच म्हणतात. एकदा बंद, की बंदच. ज्यांना प्रोग्रामिंग येतं ना, तेच ही चूक करतात. बाकीचे घाबरून सगळं लिहितात. तुझे आठ माग, आठांच्या चाली जराशा वेगळ्या. एकेक करून तासाभरात बावीसच्या बावीस पट्टे गेले असतील. पिवळ्या सूचनांत लिहिलेलं असणार ते. आणि पिवळ्याकडे बघू नका असं मीच म्हणाले होते."

"मी तुम्हाला दाखवलं नाही."

"नाही दाखवलंस. किती दिवस झाले?"

"पाच."

मग मॅडम म्हणाल्या, "मी बाकीच्या चौदाजणांना आत्ताच फोन करते."

"एक ओळ घातली की नीट होईल ना?"

"लॅच जाईल. पण खरं सांगू का? मागाचा आवाज आणि बोलणं एकाच पट्ट्यांत बसलेलं असतं. माग चालू असताना तू पट्टा बंद केलास, की त्यातले स, श, ट, क हेसुद्धा गेले. लुगड्यातून नुसता लाल धागा ओढून काढता येत नाही, कापडच उसवतं. तिला त्रास होणार नाही, हे खरं. ऐकूही फारसं येणार नाही."

"पण तास भरतील."

"तास भरतील," मॅडम म्हणाल्या. "प्रोसेसर चकती डोक्यावर आहे का तेवढंच मोजतो. आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो आरडाओरडा करतो. कमी झाला तर काही म्हणत नाही. कमी ऐकवणं धोक्याचं असेल असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही."

फोन ठेवून कृत्तिका बसून राहिली. अकरा तास, अकरा तास, साडेदहा. दोन महिने हेच चालू ठेवलं तर यंत्र राहील, थेरपी राहील, घरात भांडण नाही, पोर रडणार नाही, तिला झोप मिळेल. कागदावर रेवा ऐकणारी मुलगी असेल. कुणाला कळणारही नाही, निदान वर्षभर तरी.

विनायक संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो एक बूट काढून, दुसरा पायातच ठेवून ऐकत राहिला.

"म्हणजे मी फोरमनचं सांगत होतो..."

"हो."

"आणि ती हसत होती."

"तुझ्या तोंडाकडे बघून हसत होती."

दुसरा बूट पायातच घेऊन तो गच्चीवर निघून गेला.

*

शनिवारी सकाळी कृत्तिका वर्गाला गेली नाही. तिने रेवाच्या प्रोसेसरवरचं आपलं सर्किट पुसून आधीचं चढवलं. मग योजनेच्या पानावर नोंदींच्या शेवटी एक चौकट असते, सहसा कुणी भरत नाही, तिच्यात लिहिलं: सोमवार ते शुक्रवारचे तास धरू नयेत, माझ्या चुकीमुळे या दिवसांत मुलीला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. दोनदा वाचलं आणि पाठवलं.

मग ती खाली शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. मामांनी तिला बघून कानाला हात लावून खूण केली, काय? तिने मान हलवली, खुणेने नाही सांगता येणार. ते बाहेर आले.

"मामा, मला माग बंद हवेत," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे तिने पहिल्यांदाच काही मोठं मागितलं होतं, आणि ते असं भसकन बाहेर आलं. "दिवसभर नाही म्हणत. दुपारी चार ते रात्री आठ. रोज. तेवढ्यात तिला नुसतं साधं ऐकू द्यायचं. आठ तास भरणार नाहीत. यंत्र राहील का माहीत नाही. पण जे तास होतील ते खरे होतील."

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसली. चार ते आठ म्हणजे दिवसातलं चांगलं काम. सूत द्यायला व्यापाऱ्याचा माणूस त्याच वेळी येतो. हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

"मी मागं विचारलं तवा छे म्हणालीस," ते म्हणाले.

"खोटं बोलले."

"मलाबी ते 'छे'च ऐकायचं होतं, म्हणून पुन्हा विचारलं न्हाई." ते वळले. "आजपासूनच करायचं का सोमवारपासून?"

"आजपासून."

चार वाजता आठही माग एकेक करून थांबले. कृत्तिका वर ओट्यापाशी होती. रेवाने सकाळीच चकती काढून टाकलेली होती, माग सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला, नेहमीसारखी. कृत्तिकाने आज चापट मारली नव्हती, ती उचलून टेबलावर ठेवली होती.

रेवा फरशीवर पोटावर पालथी पडून कांड्या ढकलत होती. शेवटचा माग थांबला तशी ती थबकली. तिने तळहात फरशीवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. फरशी थरथरत नव्हती. ती उठली, टेबलापाशी गेली, चवड्यांवर उभी राहून तिने चकती ओढून घेतली आणि डोक्यावर दाबू लागली, कपाळाच्या वर, भलत्याच जागी. चिकटेना, तशी ती आईकडे घेऊन आली.

"दे," ती म्हणाली. म्हणजे लाव.

कृत्तिकाने ओले हात पदराला पुसले आणि चकती जागेवर बसवली. दिवा हिरवा झाला. घरात इतकी शांतता होती, की खाली मामा तंबाखू चोळत असल्याचं कळत होतं. रेवा वर बघत उभी होती, वाट बघत.

आणि कृत्तिकाला बोलायला काही सुचेना. पावणेतीन वर्षं मागांवरून ओरडून बोलण्यात गेलेली, घसा तेवढाच शिकलेला. पुढे चार तास होते, उद्या पुन्हा चार, आणि या प्रत्येक तासात कुणीतरी बोलत राहायला हवं होतं. तिला बसावंसं वाटत होतं, भिंतीला टेकून, नुसतं.

"भांडी घासायची आहेत," ती शेवटी साध्या आवाजात म्हणाली. "हा तवा. याला पिठलं लागलंय. बघ, निघत नाही."

रेवा तिच्या डोळ्यांकडे बघत ऐकत होती. कृत्तिकाने घासणी उचलली आणि पुढचं भांडं हातात घेतलं.

"ही कढई," ती म्हणाली.